उथळ वाफ्यात, ऐन उन्हाळ्यात काय लावावं?

प्रश्न : 4 फूट लांब, 2 फूट रुंद असा पायांवर उभा लाकडी वाफा आहे. आत 10 इंच माती मावते, दिवसभर ऊन असतं. आत्ता, ऐन उन्हाळ्यात टोमॅटो आणि पालक लावायचा विचार आहे. कोणत्या बुटक्या जाती घ्याव्यात?

उत्तर : दोन्ही आत्ता नकोत. पारा 35 अंशांच्या आसपास राहिला की टोमॅटोचे पराग निकामी होतात. झाड हिरवंगार दिसतं, पण फुलं देठाशी पिवळी पडून गळतात. पालक लांब दिवसांत आणि उन्हात लवकर फुलोऱ्यावर येतो. त्यात पायांवरच्या वाफ्याची माती चारही बाजूंनी आणि तळातूनही तापते. म्हणून झाड बुटकं आहे का, यापेक्षा ते उन्हात फळ धरतं का, हे आधी पाहा.

भेंडी, चवळी आणि माठ लावा. भेंडीची बुटकी जात निवडा. चवळी झुडपी असल्याची पाकिटावर खात्री करा. वेलाची निघाली तर ती भेंडीचा गळाच आवळेल.

वाफ्याची लांब बाजू पश्चिमेकडे करा. त्या कडेपासून 5–6 इंच आत, फूट-फूट अंतरावर भेंडीची 4 झाडं. बी रात्रभर भिजवून अर्धा-पाऊण इंच खोल टोका. मध्ये चवळीची एक ओळ, 6 इंचांवर एकेक झाड. चवळीचं बी भिजवू नका, ते फुटून कुजतं. पूर्वेच्या पट्टीत माठ, म्हणजे दुपारनंतर त्याला भेंडीची सावली मिळते. माठाचं बी बारीक असतं, कोरड्या वाळूत मिसळून पेरा आणि वर चाळलेलं कंपोस्ट भुरभुरा. मातीने झाकलं तर उन्हात पापुद्रा धरतो आणि अंकुर खालीच अडकतो.

जास्तीचं शेणखत फक्त माठाला द्या. चवळीला दिलंत तर पानं माजतात, शेंगा कमी लागतात.

माठ 3–4 आठवड्यांत कापणीला येतो. 2 इंच बुंधा ठेवून कापा, पुन्हा फुटतो. भेंडी साधारण 50 दिवसांत सुरू होते. मग दिवसाआड तोडाच. दोन दिवस विसरलात तर ती जून होते आणि झाडाची सगळी ताकद बी पोसण्यात जाते.

प्रश्न : पाणी घालूनही दुपारी झाडं माना टाकतात. आणखी पाणी घालावं का?

उत्तर : लगेच नको. आधी बोट दोन इंच मातीत घाला. ओल लागली तर थांबा; ऊन उतरल्यावर पानं पुन्हा ताठ होतात. कोरडं लागलं तर तेव्हाच पाणी द्या. सकाळीही माना खालीच असतील आणि माती ओली असेल, तर तळाची भोकं बुजली आहेत का पाहा. मुळं गुदमरली तरी झाड असंच मलूल दिसतं.

रोज सकाळी, तळातून पाणी ठिबकेपर्यंत पाणी द्या आणि रोपं वीतभर झाली की वाळक्या पानांचं 2 इंच आच्छादन घाला, बुंध्यापासून जरा दूर. भेंडीच्या पानांवर फिकट ठिपके आणि मागे बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. पानांच्या मागच्या बाजूला सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा.