वाचकांचे प्रश्न : वाऱ्यासाठी बदली

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. विंडसर्फिंगची (शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाण्याच्या खेळाची) गोडी नुकतीच लागली असून, कंपनी पणजी किंवा चेन्नईला बदली देण्यास तयार आहे. कोणते ठिकाण निवडावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण पणजी निवडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात जमीन तापल्यावर दुपारी समुद्राकडून जे खारे वारे सुटतात, ते नवशिक्याची शक्ती संपली तरी त्याला किनाऱ्याकडेच लोटतात. जून ते सप्टेंबर मात्र अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा ते महिने सोडूनच द्यावेत. याच काळात सह्याद्रीच्या खिंडींतून घुसणारे नैर्ऋत्य वारे तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावरील तुतिकोरीनच्या बाजूला जोरात वाहतात, पण ते गाव चेन्नईपासून सुमारे ६०० किलोमीटर दूर आहे. शिवाय तिथे हे वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात, आणि असा वारा अननुभवी माणसाला खोल पाण्यात ओढून नेतो, ही गोष्ट आम्हाला फार गंभीर वाटते.

खरी अडचण कामाच्या वेळेची आहे. खारे वारे दुपारी वाहतात आणि सूर्यास्तानंतर मंदावतात, म्हणून बदली स्वीकारण्यापूर्वी सकाळची पाळी मिळेल का, हे वरिष्ठांकडून लेखी घ्यावे.