शंभरचा प्लॅन, मग बाराच का दिसतात?

प्रश्न : ताई, आमच्याकडे १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. पण मुलगा लॅपटॉपवर फाइल उतरवतो तेव्हा स्पीड जेमतेम १२ दिसतो, आणि रात्री टीव्हीवर सिनेमा ऐन रंगात आला की चक्र फिरायला लागतं. कंपनीचा माणूस म्हणतो, ३०० चा घ्या. चार ओटीटींचे पैसे जातात ते वेगळेच. खर्च कमी करायचा होता, तो वाढतच चाललाय. काय करू?
– चक्राला कंटाळलेली वाचक

उत्तर : ३०० चा प्लॅन तूर्त घेऊ नका. आणि त्या १२ वरून कंपनीशी भांडूही नका, तिथे त्यांचं बरोबर आहे. प्लॅनचा स्पीड मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल उतरताना दिसतो तो मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट. बारा आठे शहाण्णव. म्हणजे तुमचे शंभर जवळपास पुरते येताहेत.

राहिलं चक्र. हे दुखणं बहुतेक वेळा घरातलंच निघतं. मी स्वतः राउटर 'दिसायला बरा नाही' म्हणून लोखंडी कपाटामागे ढकलला होता आणि दोन महिने कंपनीला फोनवर फैलावर घेत होते. शेवटी आलेल्या मुलाने लॅपटॉप केबलने राउटरला जोडला, पुरेपूर स्पीड दाखवला आणि एक शब्द न बोलता राउटर उचलून टेबलावर ठेवला. बोलला असता तर बरं झालं असतं.

तुम्हीही तेच करा. लॅपटॉप केबलने जोडून एकदा दुपारी आणि एकदा रात्री, चक्र फिरतं त्या वेळेला, स्पीड टेस्ट घ्या. आकडे लिहून ठेवा. रात्री केबलवरही स्पीड पडत असेल तर दोष बाहेरचा. मग ते आकडे पुढे करून तक्रार करा. केबलवर ठीक आणि टीव्हीवर रडगाणं, तर वायफायचा घोळ आहे. राउटर उंचावर, मोकळ्या जागी, घराच्या मध्याजवळ ठेवा. वायफायच्या यादीत त्याची दोन नावं दिसत असतील तर ५ गिगाहर्ट्झचं वेगवान असतं, पण भिंतींपुढे लवकर दमतं, २.४ चं लांब जातं, पण त्यावर गर्दी फार. टीव्ही काही जागचा हलत नाही, तेव्हा त्याला सरळ लॅन केबल द्या. एकदाचा खर्च, दर महिन्याचा नाही.

आता लागतं किती ते बघू. फोर-के चित्राला साधारण १५ एमबीपीएस, फुल एचडीला ५, व्हिडिओ कॉलला ४ धरा. एका टीव्हीवर फोर-के, दुसरीकडे एचडी, कुणाची मीटिंग : झाले २४. बाकीच्यांचे मोबाइल धरूनही शंभरात ऐसपैस बसतं. ३०० च्या आकड्यापेक्षा डेटाची मर्यादा विचारा. फोर-के तासाला ७ जीबीपर्यंत खातं. रोज दोन तास पाहिलं तर महिन्याला ४२०. मर्यादा संपली की स्पीड कितीवर येतो, हे कनेक्शन देणारा आपणहून सांगेलच असं नाही.

ओटीटी चार असू द्यात, पण एका वेळी एकच. मी एक महिना एक घेते, यादीतलं पाहून होतं, मग दुसरं. घेतल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करून टाकते. बहुतेक ठिकाणी भरलेली मुदत संपेपर्यंत बघता येतं. वर्षाचा प्लॅन फक्त त्याचाच, जे घरात दर आठवड्याला उघडलं जातं. फोर-केचे जादा पैसे भरत असाल तर आधी टीव्ही फोर-के आहे का ते बघा. हसू नका, माझ्या भावाने एचडी टीव्हीवर वर्षभर भरले.

पुढच्या पत्रात दोन्ही वेळचे आकडे लिहा. आणि हो, राउटर कुठे ठेवलाय तेही.