लिफ्ट केलेल्या जिप्सीचे स्टिअरिंग सैल लागते. स्टिअरिंग बॉक्स बदलावा का?

आपण विचारले आहे की, शॅकल (स्प्रिंगचे पाटे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारे दुवे) लांब करून दोन इंच लिफ्ट, म्हणजे उंच, केल्यापासून आणि २३५/७५ आर १५ टायर चढवल्यापासून आपल्या जिप्सीचे स्टिअरिंग सैल लागते, आणि मेकॅनिक स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचे फिरणे चाकांकडे पोचवणारा गिअरचा डबा) बदला म्हणतो, तर बदलावा का. बदलू नये. निदान तो उतरवण्यापूर्वी माझे फुकट गेलेले आठ महिने ऐकून घ्यावेत.

माझी जिप्सी गुहागरला असते. तिचे लिफ्ट मी स्वतः, घरच्या अंगणात केले आणि तेव्हापासून चिपळूणला गॅरेज असलेले माझे मेव्हणे माझ्यावर नाराज आहेत. स्टिअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आल्याचे मी सांगितले तेव्हा त्यांनी गाडीखाली वाकूनही पाहिले नाही. बॉनेट उघडून बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळला आणि काम झाले म्हणाले. तो स्क्रू बॉक्समधील गिअरची झीज भरून काढण्यासाठी असतो, बाहेरची ढिलाई झाकण्यासाठी नव्हे. जास्त आवळला की स्टिअरिंग मध्यावर अडकते आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ होत नाही. कुंभार्ली घाट उतरताना प्रत्येक वळणावर मला ते हाताने ओढून सरळ करावे लागले, आणि गाडीत मागे बसलेल्या आईने त्यानंतर वर्षभर जिप्सीत पाय ठेवला नाही. यावर मेव्हण्यांचा निष्कर्ष असा की बॉक्सच गेला आहे. त्यांच्या आग्रहाखातर नवा बॉक्स विकत घेतला गेला.

तो बसवण्याच्या आधीच्या आठवड्यात मी दापोलीला निघालो होतो. धोपावे जेट्टीवर दाभोळच्या फेरीबोटीत गाडी चढवताना पुढे उभा राहून हाताने खुणा करणारा खलाशी एकाएकी खाली वाकला आणि म्हणाला, "चाक जाग्यावर हाय, वरचा डबा हलतोय तुमचा." पलीकडे उतरल्यावर त्याच्याकडूनच स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवून घेतले आणि मी खाली शिरून पाहिले. बॉक्स चासीला जिथे बोल्टांनी बसतो तिथे चासीच्या पत्र्याला बोटभर लांबीची चीर गेली होती, आणि स्टिअरिंग फिरवले की आधी बॉक्स हलत होता, मग चाके. आठ महिन्यांत गॅरेजवाल्याला जे दिसले नाही ते सुकाणाची सवय असलेल्या माणसाला उभ्या-उभ्या दिसले, हे मी मेव्हण्यांना त्याच संध्याकाळी फोन करून सांगितले.

आपणही हीच तपासणी करावी. चाके जमिनीवरच असू द्यावीत. गाडी जॅकवर घेतली की भार जातो आणि प्ले लपतो. एकाने स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवत राहावे आणि दुसऱ्याने खालून कॉलमचे (स्टिअरिंगच्या दांड्याचे) कपलिंग, बॉक्स, पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा आखूड दांडा), ड्रॅग लिंक (तिथून चाकांकडे जाणारा दांडा), टाय रॉड एंड (दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याची टोके) या क्रमाने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पाहावे. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे दोष आहे. जॅक लागतो तो किंगपिनसाठी, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या खिळ्यासाठी: चाक वर-खाली धरून हलवावे, प्ले जाणवल्यास कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगावे, ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर हबचे बेअरिंग, राहिला तर किंगपिनचे बेअरिंग.

कुठेच प्ले सापडला नाही आणि तरीही गाडी सरळ रस्त्यावर भरकटत असेल, तर ती ढिलाई नव्हे, कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागच्या बाजूला असलेला कल, गेला आहे. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की ॲक्सल पुढे कलतो, कॅस्टर कमी होतो आणि चाके आपोआप सरळ होण्याची ओढ संपते. अलाइनमेंटवाला या सरळ ॲक्सलवर फक्त टो (चाकांची तोंडे किती आत-बाहेर आहेत ते) जुळवून देतो, म्हणून त्याच्याकडून कॅस्टरचा आकडा मागून घ्यावा आणि पाटे व ॲक्सल यांमध्ये लोखंडी पाचर बसवून तो सुधारावा. खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप झटका देत असेल, तर लिफ्टमुळे ड्रॅग लिंक जास्त तिरकी झाली आहे, आणि त्यावर कोणताही बॉक्स उपाय नाही.

चिरलेल्या चासीवर नुसता वेल्डिंगचा टाका मारून भागत नाही. आतून पट्टी द्यावी लागते, आणि ते होईपर्यंत गाडी चालवू नये, हे मी आधीच सांगायला हवे होते. शिवाय मूळ रचनेत असे बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येतात, तेव्हा विम्याचा विचार ज्याचा त्याने करावा. मेव्हण्यांचे म्हणणे असे की चीर माझ्या टायरांमुळेच पडली. मूळ २०५/७० टायरपेक्षा हे साडेसहा सेंटिमीटर उंच आणि तीन सेंटिमीटर रुंद आहेत, त्यामुळे बॉक्सवर ताण वाढतो, हे मी नाकारत नाही. परंतु तो पत्रा खाऱ्या वाऱ्याने आधीच पोखरलेला होता, आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर सर्व्हिसिंगला गाडी त्यांच्याकडेच जात होती.

जुना बॉक्स, स्क्रू सैल करून, आजही माझ्या गाडीवर उत्तम चालतो. नवा अद्याप खोक्यासकट चिपळूणच्या गॅरेजच्या फळीवर आहे आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर आमचे एकमत झालेले नाही.