सरकार बालहक्कांबाबत खरंच पुढे जातंय की नाही, हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा, की प्रत्येक सरकार ‘मोठी प्रगती झाली’ म्हणतं, मग विश्वास कशावर ठेवायचा? मी तरी नुसते कायदे मोजत नाही.

सगळ्यात कामाचे कागद संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे मिळतात. 1989चा बालहक्क करार अमेरिका सोडली तर जवळपास सगळ्या देशांनी मान्य केलाय. करार लागू झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत आणि पुढे दर पाच वर्षांनी सरकारने अहवाल द्यायचा असतो. 18 तज्ज्ञांची ही समिती जिनिव्हात सरकारच्या प्रतिनिधींना प्रश्न विचारते. स्वयंसेवी संस्था आपले वेगळे अहवाल पाठवतात, काही वेळा मुलंही पाठवतात. शेवटी समिती लेखी शिफारशी देते. लागोपाठच्या दोन फेऱ्यांच्या शिफारशी शेजारी ठेवून वाचा. तीच शिफारस पुन्हा आली असेल, तर त्या बाबतीत मधल्या काळात पुरेसं काम झालेलं नाही. सरकारच्या जाहिरातींपेक्षा मी या वाचनावर जास्त भरवसा ठेवतो.

आकडे मात्र जपून वाचा. मुलांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी वाढल्या, की लोक म्हणतात परिस्थिती बिघडली. तसं असेलही. पण हेल्पलाइन सुरू झाली, शिक्षकांना खुणा ओळखायला शिकवलं, पोलीस मुलाशी नीट बोलायला लागले, तेव्हाही तक्रारी वाढतात, कारण आधी त्या दडपल्या जात होत्या. जिथे एकही तक्रार नोंदवली जात नाही, तिथल्या मुलांची मला जास्त काळजी वाटते. म्हणून तक्रारीनंतर काय झालं ते विचारा. खटला किती काळ चालला? मुलाला तीच हकिगत किती जणांपुढे सांगावी लागली? समुपदेशन मिळालं का?

जन्मनोंदणीकडेही बघा. वयाचा पुरावा नसलेल्या मुलाला कामाला जुंपणं, त्याचं लग्न लावून देणं किंवा गुन्ह्याच्या खटल्यात त्याला प्रौढ ठरवणं फार सोपं जातं. नोंद न झालेली मुलं पुष्कळदा सरकारी आकडेवारीतही दिसत नाहीत.

आणि पैसा. कायदा केला, पण बालसंरक्षण अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या, असं असेल तर ती प्रगती कागदावरचीच. स्वीडनने 1979 साली घरातही मुलांना मारायला बंदी केली, तेव्हा माहितीपत्रकं घरोघर पाठवली, दुधाच्या खोक्यांवरही माहिती छापली. नवा कायदा पालकांपर्यंत पोचवण्यावर खर्च करणारं सरकार मला मनापासून काम करणारं वाटतं.

तुमच्या देशाचा अहवाल सापडत नसेल, तर संबंधित मंत्रालयाला लिहून मागा. तो जनतेला सहज मिळेल अशी व्यवस्था करणं कराराच्या 44व्या कलमानुसार सरकारवर बंधनकारक आहे. हातात आला की आधी हे शोधा, की तो तयार करताना मुलांना काही विचारलं होतं का.