माळवदावरची माती

लातूर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझी किल्लारीच्या भूकंपावरची कथा वाचली. पहिल्याच पानावर कुत्रं रडतं, दिवा विझतो, आजीच्या हातातून विसर्जनाच्या आरतीचं ताट पडतं. एवढं सगळं झाल्यावर भूकंप आला नसता तर वाचक तुझ्याशी भांडायला आला असता.

कथेतली पूर्वसूचना, म्हणजे पुढं येणाऱ्याची आधीच दिलेली चाहूल, म्हणजे वाचकाला कोपरानं ढोसणं नव्हे. तुझ्या कथेतली खरी पूर्वसूचना पुढं, बाप माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, पांढरी माती टाकतो त्या तीन ओळींत आहे, आणि तुला तिचा पत्ताच नाही. पावसाळ्यात गळू नये म्हणून वर मातीचा नवा थर. वर्षानुवर्षं ते ओझं वाढत जातं आणि त्याच्याखाली चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती. उन्हाळ्यात घर कसं गार! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, पण माणसं गेली ती या भिंती आणि ही माती अंगावर येऊन. लेकरांच्या अंगावर पाणी पडू नये म्हणून बाप जे वर चढवतोय, तेच त्यांच्या अंगावर पडणार आहे. तरी तू इथं काही सुचवते आहेस असं वाटत नाही, कारण माती टाकायला बापाकडं त्याचं स्वतःचं कारण आहे. एवढी एकच कसोटी धर: पुढं काहीच घडलं नाही असं समजलं, तरी ती ओळ तिथं शोभते का? माती शोभते. कुत्रं फक्त भूकंपासाठी रडतंय.

आता गंमत बघ. कथेच्या माथ्यावर ‘किल्लारी, मे १९९३’ एवढंच लिहिलंस, तर आपल्याकडचा वाचक पहिल्या ओळीपासून त्या बापापेक्षा जास्त जाणतो. बाप पाटी उचलतो आणि आपल्याला त्याचा हात धरावासा वाटतो. समीक्षक याला नाट्यात्म उपरोध म्हणतात. गाव आणि साल काढून टाक. मग तीच ओळ वाचक सहज ओलांडून जातो, आणि शेवटी मागं वळल्यावर ती त्याला सापडते. ती पूर्वसूचना. बापाच्या ओळीतला शब्दही बदललेला नाही. कुणाला काय कळतं आणि कधी कळतं, तेवढं बदललं. तू मात्र शीर्षकातच किल्लारी लिहिलीस आणि आत गुपित राखल्यासारखं करतेस. दोन्हींपैकी एक निवड. मी असतो तर साल वर लिहून टाकलं असतं, पण कथा तुझी आहे.

घटनांमधला उपरोध तर आपल्या भागात फुकट मिळतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, आणि त्याच वर्षीच्या पावसात लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरलं. सांगायला छान आहे. पण कथेत नुसतं ठेवलंस तर ती बातमीच राहते. गाडी येण्याच्या आणि धरण भरण्याच्या मधल्या दिवसांत कुणी बोअरसाठी कर्ज काढलं, कुणी बैल विकले, तिथं शोध.

पूर्वसूचनेचा जुना नमुना बघ. पैठणच्या नाथांचं ‘सत्वर पाव गे मला’ हे भारूड गावात ऐकलंच असशील. सून भवानीआईला रोडगा कबूल करते आणि मागते काय, तर सासरा गेलाय तिकडंच खपू दे! मग सासू, जाऊ, नणंदेचं पोर, एकेकाचा नंबर लागतो. आपण हसत असतो. दादल्याचा नंबर आला की हसू जरा अडखळतं, आणि शेवटी ती म्हणते, सगळेच जाऊ दे, एकलीच राहू दे मला. तेव्हा कळतं की ही सासुरवासाची तक्रार नव्हतीच, संसारातून सुटण्याचं मागणं होतं. ते लपवलेलं नव्हतं. कडव्यागणिक घर रिकामं होत चाललं होतं आणि आपण हसण्यात गुंतलो होतो. (सादर करणारे मधे थांबून अर्थ सांगतात, ती गोष्ट वेगळी.)

संवादातला उपरोध तुला घरातूनच मिळालाय. तुझ्या कथेत पोरगा रात्री बाराला येतो आणि बाप म्हणतो, “या साहेब. आज लवकरच आलात की.” एरवी अरे-तुरे करणारा बाप अहो-जाहोवर आला की पोराच्या पोटात गोळा येतो. धाकटी अंथरुणातूनच सांगते, “बाबा, बारा वाजलेत,” हे तर फारच छान. पण त्यानंतर तू ‘तो उपरोधानं म्हणाला’ असं लिहिलंयस. ते खोड. बाप रोज पोराशी कसा बोलतो हे आधी दिसलेलं असेल तर ‘आलात’ पुरे आहे. दिसलेलं नसेल, तर मागं जाऊन ते दाखव.

“जातो म्हणू नये, येतो म्हणावं,” हे आजीचं वाक्य घराघरांत आहे. कथेत मात्र ते आलं की आता हा पोरगा मरणार, हे वाचकाला पाठ झालंय. ठेवायचंच असेल तर आजीला ते सगळ्यांनाच म्हणू दे, दूधवाल्यालासुद्धा.

आणखी एक. १९९२ मध्ये, ऑगस्ट ते ऑक्टोबर, किल्लारीत भूकंपाचे धक्के बसत होते. तुझ्या कथेत त्याचा उल्लेखच नाही. कुत्र्याच्या जागी ते घे. “गेल्या साली केवढं हललं, काय झालं?” असं कुणीतरी चहा पिता पिता म्हणायला हवं. कुणी म्हणायचं ते तू ठरव. फक्त आजीला देऊ नकोस; आपल्या कथांमधल्या आज्यांना आधीच फार कळतं.

तुझा,
काका