मुलांचे प्रश्न : कृष्णा जवळच्या समुद्राला का जात नाही?

प्रश्न : कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र जवळ आहे, तरी ती बंगालच्या उपसागराला का मिळते? (इयत्ता चौथी, वाई)

उत्तर : पाणी जवळचा समुद्र शोधत नाही, उतार शोधतं. महाबळेश्वरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत ६५-७० किलोमीटरवर आहे. कृष्णा मात्र तुझ्या वाईचा घाट, कराड, सांगली करत कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेशातून सुमारे १,४०० किलोमीटर जाते. सह्याद्रीच्या माथ्याला पश्चिमेकडे कोकणात कोसळणारा उभा कडा आहे आणि पूर्वेकडे हळूहळू कललेलं पठार. ज्या अंगाला पाऊस पडेल, त्या अंगाला पाणी उतरतं. सावित्रीही महाबळेश्वरचीच, पण ती पश्चिम अंगाने उतरते, म्हणून महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते.

हे परातीत करून बघ. चार-पाच ओंजळी माती ओली करून घट्ट थाप. एका कडेजवळ चार बोटं उंच बांध घाल; जवळची बाजू उभी, दुसरी लांबवर निमुळती होत जाणारी. आता बांधाच्या माथ्यावर झारीने बारीक पाणी सोड. दोन बोटांच्या अंतरावर पडलेले थेंब उलट दिशांना जातात. माती कोरडी राहिली तर पाणी नुसतं मुरतं, ओघळ दिसतच नाहीत. तांब्याने धार धरलीस तर बांधच वाहून जातो. झारी नसेल तर बाटलीच्या झाकणाला सुईने सात-आठ भोकं पाडून घे. सुईचं काम मोठ्यांकडे दे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रश्नमंजूषेत ‘भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक कोणी मिळवलं?’ याचं उत्तर खाशाबा जाधव धरलं होतं. ते बरोबर का? (शिक्षिका, कराड तालुका)

उत्तर : प्रश्नातले दोन शब्द गळलेत. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डने धावण्यात मिळवलेली दोन रौप्यपदकं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती भारताच्या नावावर धरते आणि १९२८ साली भारताने हॉकीचं सुवर्ण जिंकलं होतं, म्हणजे पदक आधीच आलेलं होतं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्य मिळवलं, ते ‘स्वतंत्र’ भारताचं पहिलं ‘वैयक्तिक’ पदक. हे दोन्ही शब्द घालून प्रश्न विचारा. ज्या मुलाने ‘प्रिचर्ड’ किंवा ‘हॉकी’ लिहिलं असेल त्याचे गुण कापू नयेत. मूळ प्रश्नाचा अर्थ त्यानेच नीट धरला.

प्रश्न : हळद हे मूळ की खोड? आणि हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो? (इयत्ता पाचवी, सांगली)

उत्तर : खोड, जमिनीखालचं. ओलं हळकुंड हातात घेऊन बघ : त्यावर आडव्या कड्या असतात आणि कड्यांवर डोळे. त्या डोळ्यांतून कोंब फुटतो, म्हणून तर शेतकरी बेणं म्हणून गड्डे आणि हळकुंडं लावतात. खरी मुळं म्हणजे त्याला लोंबणारे धागे. आलंही असंच. गाजर, मुळा मात्र मुळं आहेत.

रंगाचं असं : हळदीतलं पिवळं द्रव्य, कुर्क्युमिन, अल्कधर्मी म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ लागला की तांबूस होतं. कपडे धुण्याचा वडीचा साबण अल्कधर्मी असतो. चमचाभर हळद दोन चमचे पाण्यात कालव, पांढऱ्या कागदाला पातळ लेप दे आणि सावलीत वाळव. उन्हात ठेवू नकोस, उन्हाने हळदीचा रंग विटतो. साबणाच्या दाट पाण्यात काडी बुडवून त्यावर नाव लिही. तांबडी अक्षरं उमटतील. वर लिंबू पिळलंस तर ती पुन्हा पिवळी होतात, कारण आम्ल. हात धुण्याच्या पातळ साबणाने अक्षरं उमटली नाहीत तर प्रयोग फसला असं समजू नकोस. त्यातले बरेच साबण अल्कधर्मी नसतात. चुन्याने रंग आणखी गडद येतो, पण चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. तो मोठ्यांनीच हाताळावा.