आधी आपला वेग मोज

चि. गनरसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा व्हॉइस मेसेज सकाळी ऐकला. म्हणतोस, अग्निवीर म्हणून तोफखान्यात चार वर्षं भरत आली. चौघांतला एक ठेवून घेतात, आणि तो मीच असेन असं धरून बसता येत नाही. बाहेर पडलो तर सेवा निधीचे, म्हणजे चार वर्षांअखेर एकरकमी मिळणारे, पावणेबारा लाख हातात येतील. मित्र कराडला गेमिंग कॅफे काढतोय, त्यात सगळे घालू का? आणि मागोमाग ती रील: ‘बॉम्बरवरचा गनर झाला गेमिंग कंपनीचा मालक’. खाली तू लिहिलंस, ‘काका, तुम्हीपण एअर फोर्समधून गेमिंगमध्येच गेलात ना?’

गेलो. म्हणून तर कागदावर लिहितोय. फोनवर चिडलो असतो.

तू मेहनती आहेस, सरळ आहेस, आईबापाला विसरणारा नाहीस, हे आपण दोघं जाणतो. त्यावर शाई घालवत नाही.

आधी ती रील निकालात काढू. तिच्यात फोटो आहे तो लास व्हेगासचा कॅसिनोवाला कर्क कर्कोरियन याचा (अमेरिकेत कॅसिनोच्या धंद्यालाही ‘गेमिंग’ म्हणतात), आणि कर्कोरियन गनर नव्हता. तो लढाईत उतरलाच नव्हता, विमानं पोचवायचा. फ्रेस्नोच्या आर्मेनियन घरातलं पोर, १९१७ चा जन्म, आठवीत शाळा सुटली, मग बॉक्सिंग. युद्धाची चाहूल लागली तेव्हा पायदळात जायचं नाही एवढं त्यानं ठरवलं आणि मोहावे वाळवंटात पांचो बार्न्स नावाच्या वैमानिक बाईच्या रँचवर जाऊन उभा राहिला. फीला पैसे नव्हते. गाईंच्या धारा काढल्या, शेण उपसलं, त्या बदल्यात विमान शिकला. मग माँट्रियलला ब्रिटिशांच्या फेरी कमांडमध्ये, म्हणजे विमानं पोचवणाऱ्या दलात, लागला. पगार महिना १,००० डॉलर. काम एकच, कॅनडात तयार झालेली मॉस्किटो बॉम्बर अटलांटिकवरून स्कॉटलंडला नेऊन द्यायची.

आता ऐक, रीलवाल्यानं नेमकं हेच गाळलंय. मॉस्किटोच्या टाकीत तेल साधारण १,४०० मैलांचं आणि वाट २,२०० मैलांची. एक मार्ग ग्रीनलंड, आइसलंड असे टप्पे घेत जाणारा, त्यात पंखांवर बर्फ धरण्याची भीती. दुसरा थेट. त्यासाठी पश्चिमेकडून वाहणारा वरचा जोरकस वारा पाठीशी घ्यायचा. वारा टिकला तर पोचलात, मधेच पडला तर खाली समुद्र. कर्कोरियननं एकूण ३३ विमानं पोचवली. या वाटेवर ज्याला विमानाचा वेग किती आणि त्यात वाऱ्याचा वाटा किती हे वेगळं काढता येत नव्हतं, त्याचं पुढच्या खेपेला काय होत असेल ते तूच बघ.

मला तुला एवढंच सांगायचंय. पुढं मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळलास तरी वाच.

गनर म्हणालास ना? मग खऱ्या गनरांचं सांगतो. लास व्हेगासला १९४१ मध्ये अमेरिकन सैन्यानं हवाई गनरांची शाळा काढली. त्याच साली तिथल्या हमरस्त्यावर पहिलं मोठं कॅसिनो हॉटेल उघडलं, तो योगायोग. आज तिथं नेलिस हवाई तळ आहे. बी-१७ सारख्या बॉम्बरांवर बसणारी तुझ्याच वयाची पोरं तिथं आधी शॉटगननं हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायची, मग धावत्या ट्रकवर उभं राहून फोडायची. ट्रकवर भल्याभल्यांचा नेम सुटायचा, कारण तिथं गनरच हलत होता.

आकाशात तर सगळं उलटंच. गावाकडं उडत्या पक्ष्यावर नेम धरायचा तर पक्ष्याच्या पुढं धरतात. बॉम्बरच्या गनरनं बाजूनं झेपावणाऱ्या लढाऊ विमानावर तसा नेम धरला की गोळी वाया. का? कारण तो स्वतः तासाला दोनशे मैलांच्या आसपास पुढं पळतोय. बाजूला झाडलेली गोळी नळीतून सुटली तरी विमानाचा पुढचा वेग अंगात घेऊनच जाते. म्हणून त्यांना घोकून घोकून शिकवलेलं: नेम शत्रूच्या आणि आपल्या शेपटीच्या मधे धरायचा. डोळा म्हणतो पुढं, नियम म्हणतो मागं. डोळ्याचं ऐकलं तो चुकला, कारण डोळ्याला आपण स्थिर आहोत असं वाटत असतं.

हे शिकवायला फ्रेड वॉलर नावाच्या माणसानं एक यंत्र बांधलं होतं. वाटोळ्या पडद्यावर पाच प्रोजेक्टर एकदम चालायचे, अंगावर विमानं येताना दिसायची, हातात खोटी गन, आणि नेम बसला की कानातल्या हेडफोनमध्ये आवाज. तुमच्या कॅफेतल्या खेळांचा आजोबाच म्हण. पुढं त्याच वॉलरनं सिनेरामा, म्हणजे वाटोळ्या रुंद पडद्यावरचा सिनेमा, आणला.

आणि हे तुला नवीन कशाला असेल? तुझ्या तोफखान्यात नळी झिजली की गोळ्याचा वेग घटतो आणि तो हिशोबात धरून दुरुस्ती घेतात. हवामानाचा मेसेज आल्याशिवाय नीट फायर होत नाही. तोफेसाठी एवढा काटेकोर असणारा पोरगा स्वतःच्या पावणेबारा लाखांसाठी मात्र मित्राच्या शब्दावर आणि एका रीलवर नेम धरतो! राग येतो तो याचा.

आमच्याकडंही तेच होतं. मी आर्मामेंट फिटर, विमानाची शस्त्रं बसवणारा. लोहगावला कॅनबेरा विमानांवर असताना गनचं हार्मोनायझेशन, म्हणजे गन आणि नेम एका रेषेत आणायचं काम, करायचं तर पहिला अर्धा दिवस गनला हातसुद्धा लावायचा नाही. विमान जॅकवर चढवायचं, पुढून, मागून, दोन्ही पंखांनी समपातळीत आणायचं, लेव्हलचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत जॅक इंचाइंचानं फिरवायचे. मग समोरचा नेमाचा बोर्ड. नवीन आलेली पोरं कुरकुरायची, ‘सार्जंट, गन कधी धरायची?’ विमान कुठं बघतंय तेच ठाऊक नाही, तर गन कुठं बघतेय ते कसं सांगणार?

बाहेर आल्यावर मोबाइल गेमच्या कंपनीत टेस्टिंगला लागलो. बटणांच्या फोनचे दिवस. एक कार रेसिंगचा खेळ नव्या हँडसेटवर असा सुटायचा की पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर. इंजिनिअर पोरं म्हणाली, ट्रॅक अवघड झालाय, वळणं रुंद करू. वळणं रुंद केली, तर जुन्या फोनवर खेळ रटाळ झाला. मी तोच खेळ दोन फोनवर शेजारी शेजारी लावून, हातात घड्याळ धरून बसलो. मग उमगलं की खेळाचा वेग फोनच्या प्रोसेसरला बांधलेला होता. ट्रॅकचा काही दोष नव्हता. मला प्रोग्रॅमिंगचं ओ की ठो येत नव्हतं, तरी सापडलं, कारण माझी खोड एकच, आधी आपण काय वेगानं पळतोय ते बघायचं. तिथून मी टेस्टिंगचा प्रमुख झालो. फौजी होतो, फिटर होतो म्हणून कुणी खुर्ची दिली नाही.

कर्कोरियनकडं परत. युद्धानंतर त्यानं सैन्यानं मोडीत काढलेली बॉम्बर कर्जाऊ पैशानं घेतली. त्या दिवसांत विमानाच्या तेलाची टंचाई होती. यानं त्या बॉम्बरांच्या टाक्यांतलं तेल विकून कर्ज फेडलं, आणि विमानं राहिली ती राहिलीच. १९४७ मध्ये ६०,००० डॉलरला छोटी विमान कंपनी घेतली आणि लॉस एंजेलिसहून लास व्हेगासला जुगाऱ्यांची ने-आण केली. याच सुमाराला त्यानं स्वतः जुगार खेळणं सोडलं. हे पेनानं अधोरेखित कर. १९६२ मध्ये तिथंच ८० एकर जमीन ९,६०,००० डॉलरला घेतली. तिच्यावर दुसऱ्यांनी सीझर्स पॅलेस उभारलं, यानं भाडं खाल्लं आणि १९६८ मध्ये ती विकली.

मग एक भलंमोठं कॅसिनो हॉटेल बांधायचं ठरवलं, इंटरनॅशनल, दीड हजारावर खोल्या. त्याला कॅसिनो चालवायचा अनुभव शून्य. तर गड्यानं आधी फ्लेमिंगो हे चालू हॉटेल विकत घेतलं आणि तिथं आपली माणसं तयार करून घेतली. इंटरनॅशनल उघडलं १९६९ मध्ये. मला या माणसाचा सगळ्यात आदर वाटतो तो या फ्लेमिंगोसाठी. नंतरच्या अब्जावधींसाठी नाही.

तो काही देव नव्हता. इंटरनॅशनल उघडून वर्ष उलटतं न उलटतं तोच कर्जाच्या तारखा अंगावर आल्या, शेअर विकून पैसा उभा करायला तिथल्या सरकारी नियामकानं वाट दिली नाही, आणि त्याला आपला हिस्सा पडत्या भावात हिल्टन या हॉटेल कंपनीला द्यावा लागला. वारा पडला. आणि २१ नोव्हेंबर १९८० ला त्याच्या एमजीएम ग्रँड या दुसऱ्या हॉटेलला सकाळी आग लागली, ८५ माणसं गेली, बरीचशी वरच्या मजल्यांवर धुरानं गुदमरून. कॅसिनोत पाण्याचे फवारे नव्हते. हे तुझ्या रीलमध्ये आहे का? पंचेचाळीस सेकंदांत काय काय बसवणार म्हणा.

आपल्याकडचं बघ. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा झाला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद पडले. माझ्या ओळखीची पोरं त्या कंपन्यांत गलेलठ्ठ पगारावर होती. पगार कशाचा, आपल्या हुनराचा की पाठीशी असलेल्या वाऱ्याचा, हे ज्यांना माहीत होतं ती महिन्याभरात दुसरीकडं लागली. बाकीची अजून मला सीव्ही पाठवताहेत. तुझा कॅफे हा त्यातला धंदा नव्हे, ठाऊक आहे. वाऱ्याचं मात्र तिथंही तेच.

आता तू विचारशील, म्हणून मीच सांगतो. मला एकदा बंगळुरूला भागीदार म्हणून बोलावलं होतं. नाही गेलो. लोक म्हणाले, फौजी माणूस, घाबरला. घरी आईचं डायलिसिस चालू होतं, फ्लॅटचे हप्ते, मुलगी दहावीत. मी मोजून पाहिलं आणि माझ्या तेलात तेवढी वाट बसत नव्हती. जे गेले त्यांतल्या एकाचा आज पुण्यात बंगला आहे. तिथून जाताना मान वळते, नाही म्हणत नाही. तरी त्या महिन्यात पुन्हा विचारलं तर पुन्हा नाहीच म्हणेन. तुझी काकू म्हणते, हे तुम्ही आम्हाला सांगता की स्वतःला? असो.

तुझ्यावर येतो. पहाटे साडेचारला उठतोस, हे तुझ्यामुळं की शिट्टीमुळं? सुट्टीवर आल्यावर किती वाजता उठतोस ते वहिनींनी मला सांगितलंय. थंडीवाऱ्यात रात्रभर तोफेपाशी न कुरकुरता उभा राहतोस, ते तुझं स्वतःचं की शेजारी पाचजण उभे आहेत म्हणून? काही तुझं असेल, काही वर्दीचं. वर्दीचं म्हणजे खोटं नव्हे रे, पण गेटच्या बाहेर ते बरोबर येत नाही. मेस येत नाही, क्वार्टर येत नाही, उद्याचा हुकूम येत नाही. चार वर्षं तू पळत्या विमानातून जग बघतोयस आणि तुला वाटतंय आपण उभे आहोत.

म्हणून एक कोरं पान घे. डावीकडं माझं, उजवीकडं वर्दीचं. खाली घरचा महिन्याचा खर्च, ट्रॅक्टरचा हप्ता, ताईच्या लग्नाचं राहिलेलं देणं. बाबांना विचारून लिही, अंदाजानं नको. मग कॅफेचे आकडे: मशिनं किती, ग्राफिक्स कार्ड कितीला, दुकानाचं डिपॉझिट, एसी धरून विजेचं बिल, कॉलेजच्या परीक्षा नि मे महिन्यात गिऱ्हाईक किती. काउंटरवर रात्री कोण बसणार? मित्र म्हणतो ‘आपण दोघं’. त्याचं लग्न ठरलंय म्हणालास ना?

आणि सुटल्यावर पहिले दोन महिने पुण्यातल्या एखाद्या चालू कॅफेत नोकरीला लाग. मालकाला सांग, पगार द्या न द्या. हेडफोन पूस, भांडणं सोडव, उधारी मागायला शीक. तुझं फ्लेमिंगो तेच. ओळखीचं एक ठिकाण माझ्याकडं आहे, शब्द टाकतो. पोलीस भरतीचा फॉर्मही भरून ठेव. त्यात कमीपणा काय वाटतोय तुला, कळत नाही मला.

पान पुढच्या रविवारपर्यंत पाठव. सोबत मित्रानं केलेल्या करारनाम्याचा फोटो, सहीची जागा कोरी असलेला.

तुझा,
काका